लाईन गेली तरी दवाखाना चालू राहावा, यासाठी सरकारी पैसा कुठून येतो? भंडारा जिल्ह्याच्या उदाहरणातून समजून घ्या

गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या छतावर सोलरच्या पाट्या बसल्या, की गावात एक समज पक्का होतो: आता दवाखान्यात अंधार होणार नाही. मग एखाद्या दुपारी लाईन जाते. बाहेर रखरखीत ऊन असतं, पाट्या चमकत असतात आणि आत पंखा बंद, फ्रीज बंद, बाळंतपणाच्या खोलीतला दिवाही बंद. मग लोक म्हणतात, सोलर बिघडलं. कुणी म्हणतं, ठेकेदाराने पैसे खाल्ले.

बहुतेक वेळा सोलर बिघडलेलं नसतं. ते जसं बनवलंय तसंच वागत असतं. आपल्याकडे सोलरवर सरकारी पैसा मुख्यत्वे वीजबिल कमी करण्यासाठी खर्च होतो. लाईन गेल्यावर दवाखाना चालू ठेवणं हे काम वेगळं, त्याला लागणारं सामान वेगळं आणि त्याचा पैसाही वेगळ्या खिशातून येतो. ही दोन कामं एकच समजली जातात, तिथेच घोळ होतो. भंडारा जिल्ह्यात ही गोष्ट समजून घेणं सोपं आहे. इथे वैनगंगेचा पूर आहे, मॅंगनीजच्या खाणी आहेत, आणि जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या एका रात्रीची आठवण आहे जी अख्ख्या महाराष्ट्राला आहे.

ऊन असताना सोलर बंद का पडतं?

छतावरचं सोलर ढोबळमानाने तीन प्रकारचं असतं.

सगळ्यात जास्त दिसतं ते महावितरणच्या लाईनला जोडलेलं, म्हणजे 'ऑन-ग्रिड'. पाट्यांची वीज आधी इमारतीत वापरली जाते, उरलेली लाईनवर जाते आणि नेट मीटर त्याचा हिशोब ठेवतो. यात बॅटरी नसते. लाईन गेली की या प्रकारचा इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, आणि तो बंद व्हायलाच हवा. लाईनमन खांबावर चढून तार जोडत असेल आणि खालच्या एखाद्या इमारतीतून वीज त्याच तारेत येत असेल, तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून हा नियम आहे.

दुसरा प्रकार 'ऑफ-ग्रिड'. पाट्या, बॅटरी, इन्व्हर्टर, बस. लाईनशी संबंध नाही. दुर्गम भागात पूर्वीपासून हाच चालत आला आहे. तिसरा 'हायब्रिड'. लाईन असली की तिच्यासोबत चालतो, लाईन गेली की इमारतीला लाईनपासून तोडून बॅटरी आणि पाट्यांवर चालवतो. दवाखाना, पूरग्रस्तांचं निवारा केंद्र, नळयोजनेचा पंप, पोलीस पाटलाचं वायरलेस अशा 'बंद पडून चालणार नाही' अशा ठिकाणी दुसरा किंवा तिसरा प्रकारच कामाचा. पण तो महाग पडतो, कारण बॅटरी महाग आहे.

तुमच्या गावच्या दवाखान्यात कोणता प्रकार आहे हे ओळखायला इंजिनीअर लागत नाही. बॅटरी कुठे ठेवलीय, एवढं विचारा. नसेल, तर ते बिल वाचवणारं सोलर आहे.

दवाखान्यात लाईन गेली की नेमकं काय थांबतं?

लशींपासून सुरुवात करू, कारण तिथे भीती जरा जास्तच दाखवली जाते. आरोग्य केंद्रात लस ठेवायचा जो खास फ्रीज असतो, त्याला आयएलआर म्हणतात. त्याच्या भिंतींत बर्फाचा थर असतो. २ ते ८ अंश तापमान राखायला त्याला दिवसातून साधारण ८ तास वीज मिळाली तरी पुरते, आणि झाकण वारंवार उघडलं नाही तर तो बराच काळ थंडावा धरून ठेवतो. म्हणजे दोन तासांच्या भारनियमनाने लस वाया जात नाही. पूर येऊन दोन-तीन दिवस लाईनच नसेल, तेव्हा खरा प्रश्न येतो.

बाळंतपणाचं तसं नाही, तिथे पाच मिनिटंही मोठी असतात. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला ऊब देणारा वॉर्मर, घशातलं पाणी ओढणारं सक्शन यंत्र, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, टाके घालताना लागणारा दिवा, या सगळ्याला त्या क्षणी वीज हवी. मोबाईलच्या उजेडात बाळंतपण केल्याचे किस्से आरोग्य सेविका सांगतात, त्यात अतिशयोक्ती शोधायची गरज नाही.

शेजारच्या छत्तीसगडमध्ये याचा चांगला अभ्यास झाला आहे. तिथल्या राज्य अक्षय ऊर्जा संस्थेने, म्हणजे 'क्रेडा'ने, २०१२ ते २०१६ या काळात ५७० च्या आसपास प्राथमिक आरोग्य केंद्रांवर प्रत्येकी २ किलोवॅटचं बॅटरीसह सोलर बसवलं. 'सीईईडब्ल्यू' या दिल्लीच्या संशोधन संस्थेने २०१७ मध्ये सोलर असलेल्या आणि नसलेल्या केंद्रांची तुलना केली. सोलर असलेल्या केंद्रांत दरमहा बाळंतपणं जवळपास दुप्पट होती आणि भरती होणारे रुग्ण निम्म्याहून अधिकने जास्त होते. सोलरमुळेच हे सगळं झालं असं लगेच म्हणू नये, चांगल्या चालणाऱ्या केंद्रांना सोलर आधी मिळालं असंही असू शकतं. पण रात्री उजेड असेल तर बाई बाळंतपणासाठी तिथे थांबते आणि नसेल तर पुढच्या मोठ्या दवाखान्याची गाडी पकडते, हे कळायला आकडेशास्त्र लागत नाही.

हा प्रश्न फक्त आपला नाही. जागतिक आरोग्य संघटना, जागतिक बँक आणि इतर दोन संस्थांनी जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या अहवालानुसार गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत जवळपास १०० कोटी लोक अशा आरोग्य केंद्रांवर अवलंबून आहेत जिथे वीज एकतर नाही किंवा भरवशाची नाही. दक्षिण आशियात १२ टक्के केंद्रांत वीजच नव्हती. भंडाऱ्यात वीज पोहोचली आहे. इथे प्रश्न भरवशाचा आहे.

भंडाऱ्यात भरवसा कधी तुटतो?

उन्हाळ्यातल्या वादळात तारा तुटतात, ते दरवर्षीचं. मोठा प्रश्न पावसाळ्यात येतो. वैनगंगा उगम पावते मध्य प्रदेशात, सिवनी जिल्ह्यात, आणि तिकडे जोराचा पाऊस झाला की इकडे आकाश कोरडं असतानाही पाणी चढतं. २०२० च्या ऑगस्टअखेर हेच झालं. मध्य प्रदेशातला मुसळधार पाऊस आणि संजय सरोवरातून सोडलेलं पाणी यामुळे वैनगंगेला महापूर आला. भंडारा शहरातल्या सखल वस्त्या आणि नदीकाठची गावं पाण्यात गेली, खाली पवनी, लाखांदूरपासून पार गडचिरोलीपर्यंत फटका बसला. पवनीजवळ गोसीखुर्दचं मोठं धरण आहे, त्यामुळे वर किती पाणी येतंय आणि खाली किती सोडायचं हा हिशोब इथल्या प्रत्येक पावसाळ्यात असतो.

पाणी डीपीपर्यंत चढलं की वीज मुद्दाम बंद करावी लागते, नाहीतर पाण्यात करंट उतरेल. म्हणजे पूर असताना वीज जाणं हा बिघाड नाही, तो खबरदारीचा भाग आहे. त्याच वेळी रस्ते बंद असतात, म्हणून जनरेटरचं डिझेलही पोहोचत नाही. आणि नेमके त्याच दिवसांत साप चावलेले, ताप आलेले, दिवस भरलेल्या बाया असे सगळे जवळच्या केंद्रात येतात, कारण भंडारा किंवा नागपूर गाठता येत नाही.

कोकणाने हे मोठ्या प्रमाणावर अनुभवलं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि रत्नागिरीच्या उत्तर भागात काही गावांत वीज यायला आठवडे लागले. त्याहून भयानक उदाहरण प्युर्टो रिको बेटाचं. सप्टेंबर २०१७ मध्ये तिथे मारिया चक्रीवादळ आलं, वीजजाळं कोसळलं आणि ते पूर्ण उभं राहायला जवळपास वर्ष गेलं. नंतरच्या अभ्यासात त्या संकटाशी जोडलेले मृत्यू सुमारे ३,००० निघाले. त्यातले बरेच लोक वादळाच्या दिवशी नाही, तर नंतरच्या महिन्यांत गेले. दवाखाने, अग्निशमन केंद्रं, पाणीपुरवठा यांना स्वतःची सौरऊर्जा आणि बॅटरी द्यायची, आणि त्याला सरकारने पैसा द्यायचा, ही कल्पना जगात जोर धरू लागली ती अशा घटनांनंतर.

आता मुद्द्याचं: पैसा कुठून?

सगळ्यात गाजलेल्या योजनेपासून सुरुवात करू, कारण तिच्याबद्दल गैरसमजही सगळ्यात जास्त आहेत. 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना' केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर केली. खर्च ७५,०२१ कोटी रुपये, लक्ष्य १ कोटी घरं. अनुदान २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि ३ किलोवॅट किंवा जास्तला एकूण ७८,००० रुपये. हे अनुदान घरांसाठी आहे. दवाखान्याला त्यातून अनुदान मिळत नाही, आणि बॅटरीला तर घरांनाही नाही. त्यामुळे 'सूर्यघरमधून दवाखान्याला बॅटरी बसवून घ्या' असं कुणी सुचवलं, तर त्याने योजना वाचलेली नाही.

पण याच योजनेत एक कमी चर्चेतला भाग आहे, 'आदर्श सौर ग्राम'. प्रत्येक जिल्ह्यातून एक गाव निवडायचं आणि त्याला १ कोटी रुपये द्यायचे, असा हा ८०० कोटींचा भाग. साधारणपणे ५,००० पेक्षा जास्त लोकसंख्येची गावं यात उतरू शकतात, सहा महिने आपसात स्पर्धा करतात आणि ज्या गावात सर्वांत जास्त अक्षय ऊर्जा बसते ते निवडलं जातं. त्या १ कोटीत गावातल्या सार्वजनिक सोयींचा विचार होऊ शकतो. मात्र जिल्ह्यात गाव एकच. बाकीच्यांनी काय करायचं?

सरकारी इमारतींसाठी सध्या सर्रास वापरली जाते ती 'रेस्को' पद्धत. कंपनी स्वतःच्या पैशाने पाट्या बसवते आणि वर्षानुवर्षं ठरलेल्या दराने इमारतीला वीज विकते. सरकारला सुरुवातीला खर्च नाही, बिल कमी होतं, सगळे खूश. कंपनीची कमाई विकलेल्या युनिटवर असते, त्यामुळे युनिट न वाढवणारी बॅटरी ती स्वतःहून कशाला बसवेल? करारात लिहिलं तरच बसवेल, आणि मग दर वाढेल. मला वाटतं सगळ्या योजनांचं कोडं इथेच आहे. वाचलेल्या बिलाचा आकडा कागदावर दाखवता येतो. पुराच्या रात्री सुखरूप झालेल्या बाळंतपणाचा रकाना कुठल्याच अंदाजपत्रकात नसतो.

म्हणून जिल्ह्याच्या पातळीवर बघावं लागतं. तिथे पहिलं दार जिल्हा नियोजन समितीचं. अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य सचिव जिल्हाधिकारी. दरवर्षी जिल्हा वार्षिक योजनेचा निधी इथून वाटला जातो. त्यात आरोग्य आहे, अपारंपरिक ऊर्जा आहे, आणि नेहमीच्या चौकटीत न बसणाऱ्या कामांसाठी 'नाविन्यपूर्ण योजना' नावाचा भाग आहे. शाळा आणि आरोग्य केंद्रांवरची सोलरची कामं महाराष्ट्रात अनेक ठिकाणी याच निधीतून झाली आहेत. तांत्रिक बाजू सांभाळते ती 'महाऊर्जा', म्हणजे महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण. तिचं एक विभागीय कार्यालय नागपूरला आहे.

मात्र अर्ज कुणी करायचा हे इमारत कुणाची यावर ठरतं. प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेची, तिथे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याचा प्रस्ताव लागतो. तुमसर-साकोलीची उपजिल्हा रुग्णालयं, ग्रामीण रुग्णालयं आणि भंडाऱ्याचं सामान्य रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची, तिथे जिल्हा शल्य चिकित्सक. लोक सरपंचाकडे निवेदन देतात, सरपंच आमदाराकडे, आणि ते निवेदन चुकीच्या टेबलावर वर्षभर पडून राहतं. त्यामुळे आधी मालक कोण ते विचारा.

दुसरं दार भंडाऱ्याचं स्वतःचं म्हणावं असं आहे, ते म्हणजे जिल्हा खनिज प्रतिष्ठान. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे 'मॉइल' या सरकारी कंपनीच्या मॅंगनीजच्या खाणी आहेत. २०१५ मध्ये खाण कायद्यात बदल झाला आणि खाण असलेल्या जिल्ह्यात असं प्रतिष्ठान काढणं बंधनकारक झालं. जुन्या खाणपट्ट्यांनी स्वामित्वधनाच्या ३० टक्क्यांइतकी आणि लिलावातून गेलेल्या नव्या पट्ट्यांनी १० टक्क्यांइतकी रक्कम स्वामित्वधनाशिवाय वेगळी त्यात भरायची. हा पैसा खाणबाधित गावांचा. तो कशावर खर्च करायचा याचे केंद्राचे निकष आहेत. त्यात आरोग्य, पिण्याचं पाणी, शिक्षण ही 'उच्च प्राधान्य' कामं आहेत आणि २०२४ च्या सुधारित नियमांनुसार किमान ७० टक्के पैसा तिथे जायला हवा. ऊर्जा हे उरलेल्या भागातलं काम आहे.

हा फरक महत्त्वाचा आहे. प्रस्तावावर 'सौरऊर्जा प्रकल्प' लिहिलं तर तो ३० टक्क्यांच्या रांगेत उभा राहतो. 'प्रसूतिगृह आणि लस साठवणुकीसाठी अखंड वीज व्यवस्था' लिहिलं तर ते आरोग्याचं काम ठरू शकतं. यात लबाडी नाही, काम खरोखर आरोग्याचंच आहे. गोबरवाही-नाकाडोंगरी पट्ट्यातल्या केंद्रांसाठी हा निधी आधी तपासायला हवा. जाता जाता एक गंमत: डोंगरी बुजुर्गचं मॅंगनीज डायऑक्साइड वर्षानुवर्षं टॉर्चच्या सेलसाठी वापरलं जातंय. ज्या मातीतून देशभराचे सेल तयार झाले, तिथल्या दवाखान्यात लाईन गेल्यावर टॉर्च शोधावी लागू नये.

तिसरं दार आपत्तीच्या पैशाचं. १५ व्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीचे दोन भाग केले. ८० टक्के आपत्ती आल्यावर मदतीला, आणि २० टक्के ती येण्याआधी नुकसान कमी करायला, म्हणजे राज्य आपत्ती सौम्यीकरण निधी. पूरप्रवण तालुक्यातल्या दवाखान्याला पाण्याच्या पातळीवर उचललेली वीज व्यवस्था देणं हे दुसऱ्या भागात बसण्याजोगं काम आहे. पण प्रस्ताव जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणातून राज्याकडे जावा लागतो आणि तिथे पूरसंरक्षक भिंती, वीज पडण्यापासून बचाव अशी मोठी कामं आधीच रांगेत असतात.

छोटी दारंही आहेत. आरोग्यवर्धिनी झालेल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला राष्ट्रीय आरोग्य अभियानातून वर्षाला पावणेदोन लाखांच्या आसपास मोकळा निधी मिळतो आणि तो रुग्ण कल्याण समिती खर्च करते. यात नवं सोलर बसणार नाही, पण जुन्या बॅटऱ्या बदलणं, अर्थिंग नीट करणं अशी कामं होऊ शकतात. खासदार निधी वर्षाला ५ कोटी असतो आणि त्यातून अपारंपरिक ऊर्जेची कामं घेता येतात. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत सौर प्रकल्प उभा राहतो, तिला लोकोपयोगी कामांसाठी वर्षाला ५ लाख, असे तीन वर्षं मिळायची तरतूद आहे. शेताला दिवसा वीज देणाऱ्या प्रकल्पाच्या पैशातून गावच्या उपकेंद्राला रात्रीची वीज, हा सौदा मला तरी न्याय्य वाटतो. शिवाय कंपन्यांचा सीएसआर निधी आहे. सेल्को फाउंडेशन आणि आयकिया फाउंडेशनने तर देशातल्या २५,००० आरोग्य केंद्रांना २०२६ पर्यंत सौरऊर्जा देण्याचं लक्ष्य जाहीर केलं. देणगीतून बसलेल्या यंत्रणेला पुढे पाहणार कोण, हा प्रश्न मात्र देणगीसोबत मिटत नाही.

किती मोठं सोलर लागतं?

ढोबळ हिशोब करून बघू. बाळंतपणं होणारं एक प्राथमिक आरोग्य केंद्र धरा. १२ तास लाईन नाही. एसी, गिझर, एक्स-रे यातलं काही चालवायचं नाही, फक्त जे थांबून चालणार नाही तेवढंच.

१० वॅटचे १० एलईडी १२ तास म्हणजे १.२ युनिट. चार पंखे ८ तास, २.२ युनिट. वॉर्मर ६०० वॅटचा धरून ३ तास, १.८ युनिट. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर ३५० वॅटचा, ४ तास, १.४ युनिट. लशींच्या फ्रीजला १ युनिट धरू, संगणक आणि राउटरला ०.६. बेरीज ८.२ युनिट. लिथियम बॅटरी साधारण ८० टक्के वापरायची असं धरलं तर साडेदहा युनिटची बॅटरी लागेल.

हे डोळ्यासमोर आणायचं असेल तर घरच्या इन्व्हर्टरची १२ व्होल्ट १५० एएचची बॅटरी आठवा. तिच्यात कागदावर १.८ युनिट मावतात आणि लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरावी, म्हणजे ०.९. तशा नऊ-दहा बॅटऱ्या लागतील. दवाखान्यात एक-दोन बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर असतो आणि तो अर्ध्या रात्रीत मान टाकतो, त्याचं कारण हे.

पाट्यांचं बघितलं तर विदर्भात चांगल्या उन्हात १ किलोवॅटला दिवसाला ४ युनिटच्या आसपास वीज मिळते. ५ किलोवॅटला २०. पण पूर येतो श्रावण-भाद्रपदात, ढग असतात, तेव्हा याच्या तिसरा हिस्सा मिळाला तरी नशीब. म्हणजे सहा-सात युनिट. म्हणून ३ किलोवॅटवर भागवण्यापेक्षा ५ किलोवॅट बरं. सूर्यघर योजनेसाठी सरकारने धरलेला खर्च पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ५०,००० रुपये होता, तेव्हा ५ किलोवॅटच्या पाट्या अडीच लाखांच्या आसपास समजा. बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर वेगळे. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तो फायदाही जुन्या दराच्या अंदाजपत्रकात दिसत नसेल तर विचारायला हवा.

उपजिल्हा रुग्णालयात शस्त्रक्रियागृह, एक्स-रे, रक्तसाठवण असते. तिथे निव्वळ बॅटरीवर भागत नाही, डिझेल जनरेटर ठेवावाच लागतो. सोलरमुळे त्याचे तास कमी होतात आणि साठवलेलं डिझेल जास्त दिवस पुरतं.

पैसा मिळाला, पाचव्या वर्षी काय?

सरकारी सोलरचं दुखणं पहिल्या दिवशी नसतं. फीत कापली जाते, फोटो निघतो, सगळं चालतं. पाट्या २५ वर्षं टिकतात. लेड-ॲसिड बॅटरी ४-५ वर्षांत थकते, पाणी टाकलं नाही तर त्याआधीच. चांगली लिथियम बॅटरी दहा वर्षांच्या आसपास जाते. बॅटरी मेली की यंत्रणा मेली, आणि नवीन बॅटरीला पैसा नसतो, कारण योजना 'बसवण्याची' होती.

छत्तीसगडचं काम टिकलं त्याचं श्रेय पाट्यांपेक्षा देखभालीला जातं. क्रेडाने बसवतानाच देखभालीचा करार केला आणि गावांचे गट पाडून तंत्रज्ञ नेमले. आपल्याकडे निविदेत पाच वर्षांची देखभाल लिहिलेली असते, पण बिघाड किती तासांत दुरुस्त व्हायला हवा, नाही झाला तर दंड किती, आणि बॅटरी बदलण्याचा पैसा कुठे बाजूला ठेवलाय, हे लिहिलेलं असतंच असं नाही. प्रस्ताव वाचायला मिळाला तर हीच पानं आधी उघडा.

९ जानेवारी २०२१

भंडाऱ्यात दवाखान्याच्या विजेबद्दल बोलायचं आणि ही तारीख टाळायची, हे शक्य नाही. त्या दिवशी मध्यरात्रीनंतर जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात आग लागली. आत १७ बाळं होती. ७ वाचवता आली, १० गेली. चौकशीत विजेच्या ठिणगीचं कारण पुढे आलं आणि त्यानंतर राज्यभरातल्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा आणि वीज तपासणीचे आदेश निघाले.

तिथे वीज गेली नव्हती, वीज होती आणि तिनेच घात केला. म्हणून दवाखान्याला अखंड वीज देताना फक्त 'अखंड' बघून चालत नाही. बॅटरी म्हणजे साठवलेली ऊर्जा. ती बाळंतिणीच्या वॉर्डाला लागून असलेल्या अडगळीच्या खोलीत, जुन्या वायरिंगला जोडून ठेवली तर धोका कमी होत नाही, वाढतो. बॅटरीला वेगळी, हवेशीर खोली हवी. लेड-ॲसिड बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, म्हणून तिथे ठिणगी नको. लिथियममध्ये घ्यायची तर लोह-फॉस्फेट प्रकारची घ्यावी, ती तुलनेने कमी तापते. नदीकाठच्या केंद्रात बॅटरी जमिनीवर न ठेवता २०२० च्या पुराच्या खुणेच्या वर ठेवायला हवी. पाट्या छतावर सुरक्षित आणि बॅटरी गुडघाभर पाण्यात, असं व्हायला नको.

आणि जुनं वायरिंग. सोलरच्या अंदाजपत्रकात ते बहुधा नसतंच, कारण ते 'बांधकामाचं' काम. पाच लाखांची यंत्रणा तीस वर्षं जुन्या बोर्डाला जोडली जाते. अर्थिंग, एमसीबी, आणि जपायच्या उपकरणांसाठी वेगळी वायर हे सगळं त्याच प्रस्तावात घालायला हवं.

तुम्ही काय विचारू शकता?

गावात दवाखान्यावर सोलर येणार असल्याची बातमी आली की ग्रामसभेत किंवा रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत चार गोष्टी विचारता येतात. लाईन गेल्यावर हे चालेल का? किती तास आणि कोणती उपकरणं? बॅटरी कुठे ठेवणार? ती संपली की नवीन कोण आणणार? उत्तर मिळालं नाही तर जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे माहिती अधिकारात अंदाजपत्रक, निविदा आणि देखभाल कराराची प्रत मागता येते. अर्जाची फी १० रुपये आहे. जिल्हा खनिज प्रतिष्ठानला मंजूर कामांची यादी जाहीर करावी लागते, ती जिल्हाधिकारी कार्यालयातही बघायला मागता येते.

आणि सोलर आधीच बसलं असेल तर तपासणी आणखी सोपी. दिवसा, डॉक्टरांना सांगून आणि रुग्णांची सोय बघून, मीटरजवळचा मेन स्विच पाच मिनिटं बंद करायला सांगा. बाळंतपणाच्या खोलीतला दिवा चालू राहिला, तर तुमच्या गावाला पैशाचं मोल मिळालं. बंद झाला, तर पुढच्या बैठकीत कोणता प्रश्न विचारायचा ते तुम्हाला कळलं.